बंद पडलेल्या कॅसेटी

शटर अर्धं वर गेलं तेव्हा मला आधी दिसले ते पाय. बूट, चपला, एकाच्या पायात तर गमबूट. आमच्या दुकानापुढं एवढी माणसं दिवाळीतसुद्धा उभी राहिली नव्हती. मला वाटलं, शेजारी कुणी गेलंबिलं की काय.

शटर पूर्ण वर केलं तर सगळ्यात पुढं घोरपडे. रस्त्यांची कंत्राटं घेणारा माणूस, आवाजही रोलरसारखा. त्यांनी हातातलं गेमचं मशीन थेट माझ्या नाकापुढं धरलं.

"भरतेश कुठाय?"

"मुंबईला गेलेत. माल आणायला."

"माल? अजून माल? आणि हे काय आहे मग? बघा की, वहिनी. पांढरं फटक!"

मशीनचे दोन्ही पडदे खरंच पांढरे होते. मागनं कुणीतरी ओरडलं, "माझंपण तसंच." "माझंपण." हात वर होत गेले, आणि प्रत्येक हातात तसंच एकेक मशीन, पुस्तकासारखं उघडलेलं, कोऱ्या पानांचं.

तुम्हाला आता हे हसण्यासारखं वाटेल. मोबाइलवर गेम खेळायची साथ अजून यायची होती तेव्हाची ही गोष्ट. हातात धरून खेळायची, घडी होणारी, दोन पडद्यांची ती मशिनं परदेशातले काका-मामा पोरांना आणून द्यायचे. मशीन यायचं फुकट, पण त्याची कंपनीची कॅसेट घ्यायला गेलं की बापाला घाम फुटायचा. एका कॅसेटीत एकच गेम, आणि पोराला तो चार दिवसांत पुरा. माझ्या नवऱ्यानं, भरतेशनं, त्यात धंदा बघितला. मुंबईच्या जितूभाईंकडनं तो दुसऱ्याच कुणीतरी बनवलेल्या कॅसेटी आणायचा. दिसायला डिट्टो कंपनीसारखी, पण तिच्या कडेला एक खाच. त्या खाचेत नखाएवढं मेमरी कार्ड सरकवायचं आणि कार्डात मावतील तेवढे गेम भरायचे. कंपनीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. चोरी म्हणा, जुगाड म्हणा. सांगलीत असली कॅसेट फक्त आमच्याकडं मिळायची, आणि विकताना भरतेश प्रत्येकाला छातीठोक सांगायचा, "आयुष्यभराची गॅरंटी. काही झालं तर आण्णा बसलेत की दुकानात."

आण्णा म्हणजे माझे सासरे, नेमगोंडा चौगुले. कापड पेठेच्या टोकाला आमचं दुकान. डाव्या हाताला आण्णांचं घड्याळदुरुस्तीचं टेबल, उजवीकडं भरतेशचा गेमचा काउंटर. पाटीवर वर मोठ्या अक्षरात 'चौगुले वॉच' आणि खाली लाल रंगात 'गेम वर्ल्ड'. आण्णांकडं घड्याळ टाकलं की चिठ्ठीबिठ्ठी नसायची. "ठेवा. बुधवारी या," एवढंच. सोन्याच्या पट्ट्याचं घड्याळसुद्धा लोक तसंच ठेवून जायचे. कुणाचं कुठलं, ते आण्णा घड्याळाच्या तोंडावरनं ओळखायचे.

माझं लग्न होऊन तेव्हा वर्ष झालं असेल-नसेल. दुकानात मी अशीच, जेवणाचा डबा घेऊन यायची आणि बसायची. मुंबईला जायच्या आदल्या दिवशी भरतेश मला म्हणत होता, "निपाणीला जाऊन ये की आठवडाभर, आईची आठवण येत असेल." एरवी माहेरचं नाव काढलं की ह्यांचं तोंड कडू. मी म्हटलं, तिथं घराचं रंगकाम चाललंय, पाय ठेवायला जागा नाही, दिवाळीत बघू. आणि राहिले इथंच. सकाळी दुकान उघडायचं काम म्हणून माझ्याकडं आलं.

"फोन लावा त्याला," घोरपडे म्हणाले.

लावला. स्विच ऑफ.

"परत लावा."

"आगगाडीत असतील, रेंज नसेल."

"स्विच ऑफ आणि रेंज नसणं ह्यातला फरक मला कळतो, वहिनी!"

तेवढ्यात आण्णा आले. जैन बस्तीत दर्शन करून ते रोज सरळ दुकानात यायचे. कपाळावर गंध, पांढरी टोपी, हातात पिशवी. गर्दी बाजूला झाली. त्यांनी टोपी सारखी केली, टेबलाशी बसले, आणि मग म्हणाले, "काय झालंय?"

घोरपड्यांचा आवाज जरा खाली आला. "आण्णा, सगळ्यांच्या कॅसेटी एकदम बंद पडल्यात. आज सकाळी. माझ्या तीन पुतण्यांच्या तिन्ही. घरात रडारड चाललीय. आम्ही काय त्या भरतेशच्या तोंडाकडं बघून घेतल्या नव्हत्या, तुमच्या तोंडाकडं बघून घेतल्या."

"भरतेश आला की बघेल."

"कधी यायचा?"

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

"मला त्यातलं काही कळत नाही हो," आण्णा म्हणाले. "पण माझ्या दुकानातनं गेलेली वस्तू आहे. जबाबदारी माझी."

एक कॉलेजचा मुलगा मागनं म्हणाला, "आण्णा, नेटवर वाचलंय मी. ह्या कॅसेटी डुप्लिकेट असतात. चोरीचा माल आहे हा."

चोरीचा म्हटल्यावर सगळे आण्णांकडं वळले. आण्णांनी त्या मुलाकडं बघितलं. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. कॅसेट म्हणजे कॅसेट, पोरगा विकतोय तर ती चांगलीच असणार, असं त्यांचं सरळ गणित.

मग जे झालं ते मला जास्त लागलं. गर्दीच्या कडेनं इनामदार सर आत आले. त्यांच्याकडं गेमबिम काही नव्हता. हायस्कुलातनं रिटायर झालेले, मोजकं बोलणारे. ते वाकून हळूच म्हणाले, "आण्णा, माझं घड्याळ द्या की."

"उघडून ठेवलंय, सर. बुधवारी देतो म्हटलं होतं ना?"

"असू दे. तसंच द्या. नाही झालं तरी चालेल."

"स्प्रिंग घालायची राहिलीय."

"नंतर बघू. तुमच्याकडं आज गडबड आहे."

आण्णांनी डोळ्याला भिंग लावलं आणि ते न दुरुस्त झालेलं घड्याळ परत जुळवायला घेतलं. मी कितीतरी वेळा त्यांना बघितलं होतं, चिमट्यात तिळाएवढा स्क्रू धरून ते माझ्याशी गप्पा मारायचे. त्या दिवशी त्यांच्या हातातनं स्क्रू दोनदा पडला. सर घड्याळ खिशात घालून गेले. रागावून नाही, अगदी सभ्यपणे. त्यांच्यामागनं सराफाची सून आली, "आमचं भिंतीवरचंपण नेते हो आण्णा, सासूबाई विचारत होत्या." मग एक दवाखान्यातली सिस्टर. मग आणखी कोण कोण. टेबलावरचा ट्रे रिकामा होत गेला. गेमवाले आरडाओरडा करत होते, पण घड्याळवाल्यांतलं कुणीही आवाज चढवला नाही. आण्णांचा चेहरा असा झाला होता की मला तिकडं बघवेना. म्हटलं, हा मुंबईला जाऊन बसलाय आणि इथं म्हातारा माणूस उभा सोलला जातोय. रागानं मला रडूच यायचं बाकी होतं.

आणि त्यात शकीला आली.

शकीला बागवान म्हणजे समोरच्या फळगाड्याची मालकीण. गिऱ्हाईक नसलं की गेम खेळत बसायची. विटा रचायचा एक गेम होता, त्यात ती पेठेत कुणाला हार जायची नाही. भाच्यासाठी घेतलेलं मशीन तिनं भाच्याला कधी दाखवलंसुद्धा नव्हतं. गर्दी कसली म्हणून बघायला ती रस्ता ओलांडून आली, ते मान खाली घालून खेळतच.

"काय गं त्रिशला, कसली जत्रा भरलीया?"

"कॅसेटी बंद पडल्यात सगळ्यांच्या," मी म्हटलं. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. "थांब. तू काय खेळायलीस?"

"विटा."

"कुठल्या कॅसेटीवर?"

"तुझ्याच नवऱ्याच्या. दुसरी कुठं मिळतीया?"

सगळ्या दुकानानं वळून तिच्या मशीनकडं बघितलं. तिचे पडदे रंगीत, विटा पटापट पडतायत. शकीला जरा दचकली. "काय झालं? मी काय केलं?"

मी तिचं मशीन जवळजवळ ओढूनच घेतलं. ती ओरडली, "अगं, हरीन की मी!" तिची कॅसेट काढून घोरपड्यांच्या मशिनात घातली. पांढरं फटक. घोरपड्यांची कॅसेट तिच्या मशिनात घातली. गेमची यादी झरझर वर आली.

"म्हणजे कॅसेटी चांगल्या आहेत," मी म्हटलं. "मशिनात काहीतरी फरक आहे."

"माझं मशीन परवाच घेतलंय," घोरपडे गुरगुरले. "हिचं तर जुनंपानं. फळांचा रस लागलाय त्याला."

दोन्ही मशिनं मी शेजारीशेजारी ठेवली. बंद करून परत चालू केली. चालू होताना वरच्या पडद्यावर घड्याळ आणि तारीख यायची. घोरपड्यांच्या मशिनावर आजची तारीख. शकीलाच्या मशिनावर दोन हजार साल.

"शकीला, तुझ्या मशिनात दहा वर्षांपूर्वीचं साल चाललंय."

"असंल. पहिल्यांदा चालू केलं तवा काहीबाही विचारत हुतं. मी आपली बटण दाबत पुढं गेले. तारीख बघायला घरात कॅलेंडर हाय की."

मी घोरपड्यांचं मशीन घेतलं, त्यात आत जाऊन तारीख दोन वर्षं मागं टाकली, आणि त्यांचीच कॅसेट घातली. पडदा क्षणभर काळा झाला, आणि मग गेम वर आले. सगळेच्या सगळे, जिथल्या तिथं.

"आयला!" कॉलेजचा मुलगा म्हणाला.

"वहिनी," घोरपडे मशीन उलटसुलट करून बघत म्हणाले, "म्हणजे आता आमच्या घरात दोन वर्षांपूर्वीची तारीख?"

"मशिनात हो. घरात तुमची तुम्ही ठेवा."

लोक हसले. मग काय, रांगच लागली. मशीन घ्यायचं, तारीख मागं, चालू झालं की पुढचं. दुपारपर्यंत सगळे पांगले. घोरपडे जाताना म्हणाले, "भरतेशपेक्षा तुम्ही हुशार, वहिनी. त्याला सांगा, आल्यावर मला येऊन भेट." शकीलानं जाताना एक चिकू हातावर ठेवला.

पण आण्णांशी जाताना कुणी काही बोललं नाही, आणि नेलेली घड्याळंही कुणी परत आणली नाहीत. आण्णा रिकामा ट्रे पुसत बसले. मग चिमटे पुसले. मग परत ट्रे.

"आण्णा, जेवायचं ना?"

"तू जेव. मला भूक नाही."

मी म्हटलं, परत असं व्हायला नको, त्या जितूभाईला तरी विचारावं. त्याचा नंबर काउंटरच्या काचेखाली होता. फोन त्यानं लगेच उचलला. मी नाव सांगितल्यावर म्हणाला, "बोला ना भाभी."

"तुमच्या कॅसेटी सगळ्या आज बंद पडल्या."

"हां, तो माल असाच होता. बनवणारेच आत तारीख टाकून ठेवतात. तारीख उलटली की बंद. म्हणजे लोकांनी नवीन घ्यायची. म्हणून तर मी स्वस्तात दिला. भरतेशभाईला दिवाळीतच बोललो होतो मी."

"काय बोलला होता?"

"हेच. कुठल्या तारखेला बंद पडणार ते पण सांगितलं होतं. ते म्हणाले, तेव्हाचं तेव्हा बघू."

"ते तुमच्याकडं पोचले असतील ना?"

"माझ्याकडे? नाही भाभी. दिवाळीनंतर आलेच नाहीत. का, काय झालं?"

"काही नाही."

"मग लोकांना काय सांगितलं तुम्ही?"

"चालू करून दिल्या."

"चालू? कसं काय?"

ते मी त्याला सांगितलं नाही. डोकं लढव म्हणावं. फोन ठेवला तेव्हा आण्णांनी विचारलं, "काय म्हणाला?" मी म्हटलं, "काही नाही, माल उशिरा पाठवतोय." खोटं बोलले. त्यांच्यापुढच्या त्या रिकाम्या ट्रेकडं बघून खरं सांगायची माझी छातीच झाली नाही. माझ्या नवऱ्याला सगळं ठाऊक होतं, आणि त्या तारखेच्या तोंडावर तो गावातनं पसार झाला होता. मला लाज वाटत होती. कुणाची ते नीट सांगता येत नाही, पण तोंड लपवावंसं वाटत होतं.

रविवारी भरतेश आला. खांद्याला एक पिशवी, बाकी हात रिकामे. कोपऱ्यावरनं आधी अंदाज घेत आला असणार, कारण दुकान उघडं आणि दारात कुणी नाही हे बघून त्याचा चेहरा खुलला होता. आण्णा त्यांच्या टेबलाशी, आमच्याकडं पाठ करून.

"काय म्हणतंय दुकान?" त्यानं विचारलं.

"चालू आहे. माल कुठाय?"

"मिळाला नाही. म्हणजे, जितूभाईकडं स्टॉकच नव्हता."

"जितूभाईशी मी बोलले, अहो."

मग त्यानं पिशवी काउंटरवर ठेवली. "इथं काय झालं?"

"कॅसेटी बंद पडल्या. मी चालू केल्या. मशीनची तारीख मागं घेतली की चालतात."

"काय सांगतेस!" तो खरंच हसला, पोरासारखा. "एवढंच होतं? अगं, मी तिकडं बेळगावात मित्राकडं झोपेविना दिवस काढले. मला वाटलं, लोक दुकान फोडतील. तू तर कमालच केलीस!"

"तुम्हाला माहीत होतं."

"हो, म्हणजे... होतं. पण उपाय माहीत नव्हता ना. इथं राहून काय करणार होतो मी? चार दिवस आरडाओरडा होतो, मग लोक विसरतात."

"मला का नाही सांगितलं?"

"तुला सांगितलं असतं तर तू आधीच सगळ्यांना सांगत सुटली असतीस."

हे बरोबर होतं. सुटलेच असते.

"आणि तुला मी माहेरी जा म्हटलं होतं की," तो म्हणाला. "तू गेली नाहीस त्याला मी काय करू?"

"बरं. मला माहेरी. आणि आण्णांना?"

"आण्णांना काय?"

"आण्णांची काय सोय लावली होती?"

"आण्णांना कोण काय बोलतंय?" तो आवाज खाली न आणता म्हणाला, कारण त्यात काही वावगं आहे असं त्याला वाटतच नव्हतं. "अगं, म्हणूनच तर निर्धास्त गेलो. ते दुकानात बसलेले असले की लोक गप्प बसतात. आयुष्यभराची इज्जत आहे त्यांची."

आण्णांनी डोळ्याचं भिंग काढलं. मागं न वळताच बोलले.

"गप्पच बसले रे. गप्प बसून घड्याळं घेऊन गेले."

भरतेशनं तेव्हा पहिल्यांदा त्या ट्रेकडं बघितलं. आधी त्याला कळलंच नाही. मग कळलं. "आण्णा, आणतील की परत. दोन दिवसांचं असतं हे."

"होय. आणतील." आण्णा उठले. भिंग, चिमटे, तेलाची बाटली, सगळं त्यांनी लाकडी पेटीत घातलं आणि पेटी माझ्या हातात दिली. मग भरतेशला म्हणाले, "टेबल उचल."

"कुठं न्यायचंय?"

"घरी."

"आत्ता? टेम्पो सांगतो की संध्याकाळी."

"उचल."

त्यानं ते जड टेबल पालथं करून डोक्यावर घेतलं. पुढं आण्णा, मध्ये टेबल, मागं पेटी घेऊन मी, असे आम्ही भर बाजारातनं निघालो. आमचं घर गावभागात, फार लांब नाही. पण त्या दिवशी आण्णा प्रत्येक दुकानापुढनं सावकाश चालले. लोक विचारायचेच. सराफ गादीवरनं उठून म्हणाला, "काय आण्णा, दुकान हलवताय काय?"

"नाही. वाटणी झाली."

"वाटणी? कधी?"

"आज. त्या कॅसेटी त्याच्या, घड्याळं माझी."

पुढं कापडवाल्यानं विचारलं, त्यालाही तेच, त्याच आवाजात. त्यांनी भरतेशला एकही शिवी दिली नाही, लोकांपुढं एक शब्द वेडावाकडा बोलले नाहीत. टेबलाखाली भरतेशचं तोंड कुणाला दिसत नव्हतं. मला मागनं त्याची मान दिसत होती, घामानं भिजलेली, आणि खरं सांगते, मला त्याची दया आली. पण टेबलाला हात लावावासा वाटला नाही.

शकीला गाडा सोडून आमच्यामागनं आली होती. तिनं सगळं ऐकलं आणि तिला राहवलं नाही. "आण्णा, सगळ्याची वाटणी झाली म्हणताय. मग सून कुणाच्या वाटणीला?"

आण्णा थांबले. टेबलही थांबलं.

"ते तिला विचार," आण्णा म्हणाले.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी हातातली पेटी जरा वर घेतली.

"मी घड्याळांकडं," मी म्हटलं.

माझी नणंद आजही सगळ्यांना सांगते, नवरा सोडून सासऱ्याच्या वाटणीला गेलेली आमची वहिनी पहिलीच. नवरा नाही सोडला मी. घर एकच होतं, ताटं एकाच ओळीत वाढली जायची, आणि भाजीत मीठ कमी पडलं की भरतेश आजही मलाच बोलतो. फक्त त्याच्या काउंटरमागं मी परत कधी बसले नाही.

त्या दिवशी टेबल घराच्या पुढच्या सोप्यात खिडकीशी लावलं. ऊन कलल्यावर दारात चपला वाजल्या. इनामदार सर. आत येऊन ते नुसतेच उभे राहिले. मग खिशातनं रुमालात बांधलेलं घड्याळ काढून त्यांनी टेबलावर ठेवलं.

"स्प्रिंग राहिली होती ना, आण्णा."

"होय, सर. बसा. चहा घ्या."

सरांनी चहा घेतला, हवापाण्याचं बोलले, गेले. चिठ्ठी मागितली नाही, आण्णांनी दिलीही नाही. सर गेल्यावर आण्णांनी घड्याळाला हात लावला नाही. ते उठून बाजूला झाले, खुर्ची माझ्याकडं सरकवली आणि भिंग माझ्या हातावर ठेवलं.

"बस," म्हणाले. "उघड ते."